पाण्याची सुई

१४ नोव्हेंबर १९७२

लंकाबाई आज सुईशिवाय घरी गेल्या! पाथर्डीत असं कधी घडलं नव्हतं.

सकाळी अकराच्या सुमारास नातवाला काखोटीला मारून आल्या. दीड वर्षाचा गडी. नाकाला दोन धारा, खोकला ढोलासारखा – पण माझ्या टेबलावरच्या मिक्श्चरच्या बाटल्या एकेक करून आडव्या पाडण्याइतका तरतरीत. लंकाबाई बाकावर टेकायच्या आधीच म्हणाल्या, "गोरक्ष, सुई उकळाया टाक."

मीही सवयीने स्टोव्हला पिन मारली. अकरा वर्षं तेच करतोय. अण्णा डॉक्टरांच्या राज्यात कोणी शिंकलं तरी पेनिसिलीन. पण अण्णा मार्चमध्ये गेले, आणि आता खुर्चीवर त्यांची लेक आहे – डॉक्टर पुष्पावतीबाई. पुण्याला शिकल्या, तिथेच मुलांच्या वॉर्डात काम केलं. नवरा धरणाच्या कामावर लांब, म्हणून चौदा महिन्यांची मुलगी घेऊन वडिलांचा दवाखाना चालवायला आल्या.

बाईंनी पोराला आजीच्या मांडीवर गप्प बसवलं. झबलं गळ्यापर्यंत वर केलं. मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि पोराच्या पोटाकडे टक लावून बसल्या. एक मिनिट. पूर्ण एक मिनिट!

लंकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"बाई, नुसतं बघून बरं व्हतंय व्हय?"

बाई मोजत होत्या. मग म्हणाल्या, "तीस. छान आहे. साधी सर्दी. कोमट पाणी पाजत राहा, नाक चोंदलं तर मीठपाण्याचे दोन थेंब सोडा, आईचं दूध चालू ठेवा. आठवड्यात जाईल. पोट उडायला लागलं, खाणंपिणं सोडलं, सुस्त पडला – तर मात्र धावत या. सुई नको."

"सुई नको?"

"नको."

लंकाबाई उठल्या. दारात वळून बोलल्या ते बाईंना नाही, मला – "तुमच्या डाक्टरीनबाईला टोचता येत न्हाई का रं?"

आणि गेल्या सरळ छगनकडे. छगन म्हणजे सायकलवरचा छगन. कुठल्याशा इस्पितळात दोन वर्षं फरशी पुसली आणि तिथून एक सिरिंज व भरपूर आत्मविश्वास घेऊन आला. आता गावोगाव टोचत हिंडतो.

१५ नोव्हेंबर

आज पेशंट नऊ. त्यातला एक बैलाच्या खुराचं औषध विचारायला आला होता.

१८ नोव्हेंबर

आज बाईंशी भांडलो. म्हणजे मी भांडलो, त्या समजावत होत्या. तेच जास्त राग आणतं.

मी म्हटलं, बाई, दुष्काळी कामावर खडी फुटतेय, धूळ उडतेय, थंडी पडलीय. पाथर्डीतलं प्रत्येक पोर खोकतंय. आपण हात आखडला तर सगळी छगनच्या सायकलमागे जातील.

बाई म्हणाल्या, "गोरक्ष, सर्दीचा जंतू वेगळा. तो पेनिसिलीनला भीक घालत नाही. सुई दिली तरी सात दिवस, नाही दिली तरी आठवडा."

मी म्हटलं, मग दिली तर बिघडलं काय?

मग त्यांनी सांगितलं. पुण्याच्या वॉर्डात एक पाच वर्षांची मुलगी, साधं पडसं-खोकला, बाहेर कोणीतरी पेनिसिलीन टोचून पाठवलेली. अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, गेली. "तिला सुईची गरज नव्हती," एवढंच म्हणाल्या. शिवाय उगाच टोचत राहिलं की खरे जंतू निर्ढावतात, मग हवी तेव्हा सुई चालत नाही, म्हणे.

"पण लागते तेव्हा मी एक क्षण थांबणार नाही," असंही म्हणाल्या. आणि खरंच, तासाभरात सात वर्षांचा एक पोरगा आला. घसा लालभडक, गाठींवर पांढरे ठिपके, मानेला सूज, सणसणीत ताप. खोकला नाही, सर्दी नाही. बाईंनी चमचा घालून घसा बघितला आणि लगेच, "पेनिसिलीन काढा. याला पुरे दहा दिवस द्यायचं, मधे सोडायचं नाही. हा घसा असाच सोडला तर पुढे हृदयाला धरतो."

मीच टोचली. पोरट्याने माझ्या नडगीत लाथ घातली. ज्याला सुई नको त्याला हवी, ज्याला हवी त्याला नको!

२२ नोव्हेंबर

हे पान कोणी वाचू नये.

दुपारी बाई मुलीला जेवू घालायला आत जातात. पाऊण तास. त्याच वेळेला मागच्या दाराशी एक बाई पोराला घेऊन आली. सकाळी बाईंनी तिला सुईविना पाठवली होती. हात जोडून उभी. "दादा, तुमी तरी द्या. सासू घरात घीना मला."

कपाटात डिस्टिल्ड वॉटरच्या कुप्या ओळीने उभ्या. पेनिसिलीनची पूड विरघळवायच्या. पूड न घालता नुसतं पाणी दिलं तर? ना जंतू निर्ढावणार, ना गांधी उठणार. बाईंचं तत्त्वही मोडत नाही – सुई आहे, पण औषध नाही!

सिरिंज नीट उकळली. कुपीची मान टिचकीने मोडली, भरली, उजेडाकडे धरून हवा काढली, भुवया आकसल्या. टोचली. आणि गंमत अशी की नुसतं पाणी पेनिसिलीनपेक्षा जास्त चरचरतं. पोर असं किंचाळलं की आईचा चेहरा फुलला.

"लागली!" म्हणाली. "आता गुण येनार."

२५ नोव्हेंबर

पेशंट सव्वीस. मागच्या दाराने अकरा.

बाई खुशीत. मला म्हणाल्या, "बघा गोरक्ष, नीट समजावलं की लोकांना पटतं. सुई न घेता परत येतायत."

मी अत्यंत गंभीरपणे मान हलवली. मग आत जाऊन मिक्श्चरच्या बरणीत तोंड घालून हसलो.

२६ नोव्हेंबर

चांगुणाने पकडलं. बायकोपासून काही लपत नाही. "एकटंच दात काय काढताय?" म्हणाली. सांगून टाकलं. वाटलं हसेल.

भाकरी थापायची थांबली. "आन एखाद्याला खरीच लागत आसली तर?"

"मी काय दुधखुळा आहे? अकरा वर्षं पेशंट बघतोय."

"बघत न्हाईत तुमी," म्हणाली. "टोचताय."

बायकोला कंपाउंडरकीतलं काय कळतं.

२९ नोव्हेंबर

परवा लंकाबाई मागच्या दाराशी! नातवाचा खोकला अजून होताच. छगनच्या दोन सुया झाल्या. मी टोचली. आज सकाळी निरोप – पोर खडखडीत. खोकला पंधरा दिवसांनी जाणारच होता, माझ्या सुईने फक्त शेवटच्या दिवशी हजेरी लावली. पण लंकाबाई साऱ्या पेठेत सांगत सुटल्यात, छगनच्या सुईत दम नाही, गोरक्षच्या हाताला गुण आहे.

आज पोरं मला बघून पळाली. मोठेपणा मोठेपणा म्हणतात तो हाच.

१ डिसेंबर

छगन आला होता. सायकल भिंतीला लावली, बिडी पेटवली नाही म्हणजे काम महत्त्वाचं.

"गोरक्षभाऊ, खरं सांगा. कोनती सुई हाय तुमची? माझ्यात पेनिसिलीन आसून लोकं तुमच्याकडं पळत्यात."

मी इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "जर्मनीची."

"नाव काय?"

"नाव कुपीवर लिहीत नाहीत ते लोक."

छगन विचारात पडला. जाताना माझ्या कपाटाकडे देवळाकडे बघावं तसा बघत गेला. चांगुणाला सांगितलं तर यावेळी मात्र हसली. पदर तोंडाला लावून हसली.

४ डिसेंबर

बाई सकाळीच शेजारच्या गावी बाळंतपणाला गेल्या, बैलगाडीतून. मुलीला लंकाबाईंच्या सुनेकडे ठेवलं. दवाखाना माझ्या ताब्यात. मी अण्णांच्या खुर्चीत बसून पाहिलं – गादी मऊ आहे.

बारा जणांना पाणी दिलं. त्यात एक रतनबाई. तीन मैलांवर रस्त्याचं काम चाललंय तिथे खडी फोडते. नवरा ऊस तोडायला गेलाय, ही दोन लेकरं घेऊन मागे राहिली. धाकटा सहादेव, दहा महिन्यांचा. जुनेराच्या चार घड्यांत गुंडाळलेला, फक्त नाक बाहेर. खोकला, नाक वाहतंय, डोळे मिटलेले.

"झोपलाय?" मी विचारलं.

"कालधरनं झोपतोच हाय."

थंडी होती, उघडं कशाला करायचं. मांडी तेवढी बाहेर काढली आणि टोचली. जरा कण्हला, रडला नाही. शहाणं पोर. म्हटलं, "सुईला वेळ द्यावा लागतो. तीन दिवस वाट बघ. रांगायला लागेल."

तिने माझे पाय धरले. चालत आली तशी चालत गेली.

५ डिसेंबर

थंडी फार. हातपाय गारठले. लंकाबाईंनी बाजरीचे उंडे पाठवले.

७ डिसेंबर

लिहवत नाही. पण लिहितो.

रतनबाई दुपारी आली. बाई दवाखान्यात होत्या. रतनबाईने पोराला टेबलावर ठेवलं आणि बाईंनी जुनेर सोडलं, झबलं वर केलं. मी शेजारीच उभा होतो. मला घड्याळाची गरज नव्हती. फासळ्यांच्या खाली खड्डा पडत होता, दर श्वासाला. नाकपुड्या फुलत होत्या. ओठ सुकलेले. बाईंनी गाल थोपटला तर डोळे उघडून पुन्हा मिटले.

बाईंनी तरीही पूर्ण मिनिट मोजलं. "बहात्तर," म्हणाल्या. "न्यूमोनिया. असं कधीपासून?"

"पाचसा दिस झालं, बाई."

"मग आत्ता आणताय?"

"आनला हुता की! ह्या दादांनी सुई दिली सोमवारी. म्हनले तीन दिस वाट बघ. म्हनून तर थांबले मी. न्हाईतर कवाच आले आस्ते."

बाई माझ्याकडे वळल्या. "कोणती सुई?"

स्टोव्हचा आवाज येत होता.

"पाणी," म्हटलं.

बाई टेबलाकडे वळल्या. म्हणाल्या, "पेनिसिलीन काढा."

काढलं. आधी कातडीवर चाचणीची टोचणी, मग थांबायचं, मग खरी सुई. माझा हात हलका म्हणून पंचक्रोशीत नाव – पण बाईंनी सिरिंज माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच टोचली.

नगरला न्यावं का, यावर बाई बराच वेळ विचार करत होत्या. एसटी संध्याकाळची. अडीच तास खडखडत, आणि वाटेत पुढची सुई द्यायला कोणी नाही. शेवटी म्हणाल्या, "दर सहा तासांनी इथेच देऊ. उद्या उतार नाही दिसला तर जीप शोधायची आणि नगर." मागच्या खोलीत बाज टाकली. चांगुणाने शेगडी आणली. मला न विचारता तीच कामाला लागली. चमच्या-चमच्याने दूध पाजायचं, नाक साफ ठेवायचं.

मी जागचा हललो नाही. बाईंचं घड्याळ घेऊन मोजत होतो.

८ डिसेंबर, सकाळ

सत्तर.

८ डिसेंबर, दुपार

सत्तरच. बाईंनी जीपवाल्याला सांगून ठेवलं.

रतनबाईला माझ्याकडचं घड्याळ वाचता येत नाही. तिने दुसरंच काढलंय. पोराच्या छातीला छाती लावून बसते आणि स्वतः श्वास घेते. म्हणाली, "माझा एक व्हतोय तवर ह्याचे चार व्हत्यात. चांगला आसताना दोन व्हायचे. सोमवारीबी चार हुते, दादा. मला ठाव हुतं. पर तुमी सुई दिली, मंग मला वाटलं, आपल्याला काय कळतंय."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

८ डिसेंबर, संध्याकाळ

चौसष्ट! दोनदा मोजलं. बाईंना हाक मारली, त्यांनी मोजलं. त्रेसष्ट. जीपवाल्याला परत पाठवलं.

९ डिसेंबर

सकाळी सहादेवने आईच्या अंगावर तोंड लावलं. पाच-सहा घोट प्यायला, थांबला, धापा टाकल्या, पुन्हा प्यायला. रतनबाई आवाज न करता रडत होती. चांगुणाही. मी बाटल्या धुवायला बाहेर गेलो. धुतलेल्याच होत्या.

चोपन्न.

दुपारी बाईंनी मला समोर बसवलं. आता काढून टाकतील, अशी मनाची तयारी केली होती.

"किती जणांना दिलं?"

"एक्केचाळीस."

"खोटी सुई दिलीत, त्याचा मला राग आहेच. पण तेवढा नाही." खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही झबलं वर केलं नाहीत, गोरक्ष. एक मिनिट लागलं असतं. मग बाकीच्यांना पाणी काय, साखर काय, काहीही देऊन पाठवलं असतंत तरी हा मुलगा तुम्ही माझ्यासाठी थांबवून ठेवला असतात. सुई नको हे सांगण्यासाठी मी ते मिनिट बघत नाही. कोणाला हवी, ते सापडावं म्हणून बघते."

मी टेबलावरची बाटली सरळ केली.

मग त्याच म्हणाल्या, "आणि मीही चुकले. पेशंट एकदम वाढले तेव्हा मला शंका यायला हवी होती. पण मला ते खरं असावंसं वाटत होतं."

"माझी नोकरी –"

"नोकरीचं नंतर. उद्यापासून सायकल काढायची. माझं घड्याळ राहू दे तुमच्याकडे. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस घरी जायचं, पाणी होतं हे सांगायचं, आणि पोर बघून यायचं. झबलं वर करून."

१२ डिसेंबर

तीन दिवस सायकल. पाय गळाले. इतक्या शिव्या एकगठ्ठा कधी खाल्ल्या नव्हत्या. एका म्हाताऱ्याने काठी उगारली. एका घरी चहा मिळाला, पण तो मी काय सांगायला आलोय हे कळायच्या आधी.

आणि लंकाबाई! त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिलो. म्हटलं, लंकाबाई, माझी चूक झाली. ती सुई नव्हती, नुसतं पाणी होतं.

"पानी?"

"पाणी."

"मंग गुन कसा आला?"

"आपोआप आला. सर्दी आपोआपच जाते."

लंकाबाई हसल्या. लहान पोराला समजवावं तशा म्हणाल्या, "आरं, आपोआप कसा यील? तुझ्या हाताला गुन हाय. मला वाटलंच हुतं, त्या सुईत कायतरी येगळं हाय. ही धाकटी नात कालपास्नं शिंकतीया, हिलाबी तेच पानी दे."

मी कपाळाला हात लावला. मग धाकटीचं झबलं वर केलं. बत्तीस. म्हटलं, लागत नाही. लंकाबाई रुसल्या. एका जागी चूक कबूल करायला गेलो आणि तिथेच माझी कीर्ती वाढली!

१३ डिसेंबर

हिशेब पुरा झाला. एकोणचाळीस पोरं काही न देता बरी. अंगणात खेळताना सापडली, काहींना पकडायला मीच पळालो. एक सहादेव. आणि एक चार वर्षांची मुलगी – तिचा कान ठणकत होता, आता आतून पू यायला लागलेला, अंगात ताप. तिच्या आईला मी पाणी टोचून "कानाला पण चालतं" असं सांगितलं होतं. हे मी सांगितलं होतं! तिला कॅरिअरवर बसवून आणली. बाईंनी औषध सुरू केलं.

दोन. एक्केचाळीसमधले दोन. ते बाहेरून बाकीच्या एकोणचाळिसांसारखेच दिसत होते. नाक वाहणारे, रडके.

१६ डिसेंबर

सहादेव अडतीस. रतनबाई कामावर परत गेली, थोरली तिथे शेजारणीपाशी होती. सुया अजून चार दिवस बाकी. बाई म्हणाल्या, बरा दिसतो म्हणून मधेच सोडायचं नाही. तेव्हा मी रोज सकाळी सायकलवर खडीच्या कामावर जाऊन टोचतो. आज त्याने मला ओळखलं आणि मला बघताक्षणी भोकाड पसरलं. इतका चांगला आवाज मी ऐकला नव्हता.

१९ डिसेंबर

आज कामावर मजा झाली.

मी पोचलो तर छगन आधीच सायकल आडवी घालून बसलेला, बायकांची रांग. मी काही बोलणार तोच रतनबाई हातोडा ठेवून उठली. पहिल्या बाईच्या कडेवरचं पोर घेतलं, अंगरखा वर केला, छातीशी धरून डोळे मिटले. सगळ्या बघत राहिल्या.

"दोन," म्हणाली. "तुज्या पोराला कायबी झालं न्हाई. दूध पितंय का?"

"पितंय की."

"मंग घरी जा. ऊन पानी पाज." दुसरं पोर घेतलं. "ह्याचेबी दोन." तिसऱ्यापाशी जरा थांबली, परत मोजलं. "ह्याचे तीन हायेत. दादा, तुमी घड्याळ लावून बघा."

मी बघितलं. दीड वर्षाचं पोर, शेहेचाळीस, पोटाला किंचित खड्डा. त्या आईला त्याच पावली दवाखान्यात पाठवली. वेळेत पोचली. बाईंनी सुई सुरू केली.

छगन सुई पिशवीत ठेवत मला कडेला घेऊन म्हणाला, "सगळं खरं. पर ती जर्मनीची कुठं मिळती, तेवढं सांगा. नगरला चार दुकानं हिंडलो, कुनाला ठाव न्हाई."

मी त्याला पाणी होतं म्हणून सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. म्हणाला, "सांगायचं नसंल तर नका सांगू."

२४ डिसेंबर

सहादेवच्या सुया वीस तारखेला संपल्या. पेशंट आज चौदा. मागचं दार बाईंनी नव्हे, चांगुणाने बंद केलं. कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला!

बाईंनी मला एक जुनं घड्याळ दिलं, सेकंदाचा काटा असलेलं. अण्णांचं. नोकरीचं कोणी काही बोललं नाही. आता मीही विचारणार नाही.

२८ डिसेंबर

आज दिवसभरात एकालाही सुई नाही. सगळे नाकवाले. सतरा पोरांची पोटं बघितली. संध्याकाळी चांगुणा ताट वाढत होती तर माझी नजर तिच्या पदरावर, ओठ हलतायत. म्हणाली, "माझी मोजताय व्हय?" सोळा. उत्तम.

२ जानेवारी १९७३

सकाळी सातला बाई माझ्या दारात. केस मोकळे, पायात चप्पल नाही, मुलगी कडेवर. तिला कालपासून ताप, खोकला. म्हणाल्या, "गोरक्ष, पेनिसिलीन काढा. लगेच." म्हटलं, मोजलं? "तीनदा. तिन्ही वेळा वेगळं आलं. मला आकडा लागत नाहीये. तुम्ही आधी सुई द्या." पोरीला मांडीवर घेतली. रडायची थांबेपर्यंत थांबलो. पूर्ण मिनिट. छत्तीस. खड्डा नाही. वाटी दिली तर दूध प्यायली. म्हटलं, "बाई, सुई नको." बाई माझ्या उंबऱ्यावरच बसल्या. पदर तोंडाशी नेला. म्हणाल्या, "परत मोजा."